कोणाच्या हातून

त्या प्रयोगशाळेत एक लाल वही होती. पेशी नासल्या की तिच्यात नोंद व्हायची: तारीख, बाटलीचा क्रमांक, काय बिघडलं, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणाच्या हातून'. खाली प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, म्हणजे सरांची, सही. चांगल्या कामाची नोंद करायला वही नव्हती, आणि त्याचं तिथे कुणाला काही वाटतही नसे.

ताई तिथल्या तंत्रज्ञ. बावीस वर्षं त्या पेशी वाढवत होत्या, आणि इतक्या वर्षांत लाल वहीत त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? सरांच्या हातूनही दोनदा बाटल्या नासल्या होत्या. त्या दोन्ही वेळेस वही नेमकी सापडली नव्हती.

काम होतं डासांमुळे होणाऱ्या तापावरचं. डास चावला की विषाणू अंगात शिरतो आणि एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत घुसतो. त्याला वाटेतच धरणारी प्रतिपिंडं सरांनी तयार केली होती आणि त्या जोरावर दहा वर्षं भाषणं ठोकली होती. आता ती लवकरच रुग्णांना टोचून बघायची होती. त्याआधीची शेवटची तपासणी ताईंकडे आली. विषाणूने आजारी पडलेल्या पेशी ज्यात ठेवलेल्या असतात, ते त्यांच्यावरचं पाणी घ्यायचं, त्यात प्रतिपिंडं मिसळायची आणि ते निरोगी पेशींवर घालायचं. पेशी जगायला हव्या होत्या. तिन्ही वेळा त्या आजारी पडल्या.

सरांनी सगळं खापर ताईंवर फोडलं. वय झालं की हात पहिल्यासारखा स्वच्छ राहत नाही, असं ते चारचौघांत म्हणाले आणि वहीत लिहून मोकळे झाले: 'पाणी दूषित. कोणाच्या हातून: ताई.' शिवाय पुढच्या सोमवारपासून ताईंनी बाटल्या धुण्याच्या खोलीत बसायचं, असंही ठरवून टाकलं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी नवरा सहज "जाऊ दे" म्हणाला, तर त्यालाही चार शब्द ऐकून घ्यावे लागले. जाऊ कसं द्यायचं? ताईंची एक सवय होती. प्रत्येक प्रयोगात त्या एक जास्तीची बाटली लावायच्या. हात तेच, नळी तीच, प्रतिपिंडंही तीच, फक्त पाणी निरोगी पेशींवरचं. तिला त्या साक्षीदार म्हणायच्या. हात घाणेरडे असते तर ती बाटली आधी नासली असती, पण तिन्ही वेळचे साक्षीदार ठणठणीत होते. त्यांनी ते सरांना सांगितलंही. सरांनी मान वर केली नाही.

सोमवारला पाच दिवस होते. पेशी बारीक बारीक पिशव्या बाहेर टाकतात, शेजारच्या पेशी त्या आत घेतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पिशव्यांना सगळे कचराच समजत. विषाणू त्या पिशवीतच बसून जात असेल तर? रखवालदार येणारी माणसं तपासतो, कुणाच्या घरी आलेलं पार्सल उघडून बघत नाही. ताईंनी पिशव्यांना चिकटणारे चुंबकी मणी घातले आणि पाण्यातून पिशव्या ओढून वेगळ्या केल्या. दोन्हीकडे प्रतिपिंडं मिसळली. उरलेल्या पाण्याने पेशींना काही झालं नाही. पिशव्या घातलेल्या पेशी तिसऱ्या दिवशी आजारी पडल्या. साक्षीदार ठणठणीत.

शुक्रवारी त्यांनी कागद सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी ते दोनदा वाचले, माफीचा एक शब्द उच्चारला नाही, आणि सोमवारी ताई ठरल्याप्रमाणे बाटल्या धूत होत्या.

महिन्याभराने बाहेरच्या तज्ज्ञ बाई पाहणीला आल्या. सरांनी पडद्यावर पिशव्यांची चित्रं दाखवली. आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असं ते बिनदिक्कत सांगत होते. शोधाखाली चार नावं होती, त्यांत ताईंचं नव्हतं, आणि चौघांपैकी कुणीही आयुष्यात एक बाटली धुतली नव्हती. धुण्याच्या खोलीचं दार उघडंच होतं, ताईंना सगळं ऐकू येत होतं. तज्ज्ञ बाईंनी विचारलं, हे पहिल्यांदा कधी दिसलं आणि कुणाला? सर म्हणाले, आमच्या सगळ्यांनाच, साधारण एकाच सुमारास.

ताईंनी हात पुसले, कपाटातली लाल वही काढली आणि बाईंपुढे उघडून ठेवली.

"पेशी पहिल्यांदा आजारी पडल्या ती तारीख इथे आहे," त्या म्हणाल्या. "नावही आहे. खाली सही सरांची."

बाईंनी ओळ वाचली. मग तीच ओळ, बोट ठेवून, सावकाश मोठ्याने वाचली: 'पाणी दूषित. कोणाच्या हातून: ताई.' 

"ती नोंद चुकून झाली होती," सर म्हणाले. "ताई, द्या इकडे, खोडून टाकतो."

ताईंनी वही मिटून छातीशी धरली.

"खोडायची नाही. बावीस वर्षांत इथे माझं नाव तुम्ही एकदाच लिहिलंय."