टोपीवाल्याची पंगत

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, मला जुनी म्हणा, काळी म्हणा, ठोकळा म्हटले तरी मी रागावणार नाही. फक्त मोडकी म्हणू नका. मला मोडकी समजून एका म्हातारीने माझ्यावर उपचार केले, आणि त्या उपचारांनी जो घोळ घातला तोच तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पोटात लांबच लांब काळी फीत होती आणि तिच्यावर एक इंग्रजी पिक्चर भरलेला होता. उजाड माळरान, लाकडी घरांचे एक गाव, गावाचे पाणी अडवून बसलेले गुंड, आणि तांबड्या घोड्यावरून आलेला एक टोपीवाला. तो गुंडांना पिटाळून लावतो, गावाचा निरोप घेतो आणि एकटाच निघतो. माळावरून लांब गेल्यावर एकदाच मागे वळून टोपी हलवतो. संपला पिक्चर. पुण्याच्या एका व्हिडिओ लायब्ररीत मी बरीच वर्षे हातोहात फिरले. पुढे माझे लेबल निघाले, गिऱ्हाइकांना नवे हिंदी पिक्चर हवे झाले, आणि मी जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या शेजारी येऊन पडले.

तिथून मला भानुदासने उचलले. लेबल नसलेल्या कॅसेटकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण हा गडी असल्याच कॅसेटी चाळत बसायचा.

भानुदास एसटीचा ड्रायव्हर होता. घर भिगवणला, नोकरी बारामती डेपोत. पुण्याला मुक्कामाची ड्युटी लागली की बाकीचे ड्रायव्हर पथारी पसरायचे आणि हा घोडे हुडकायला निघायचा. घोडे म्हणजे घोडेवाल्यांचे इंग्रजी पिक्चर. त्याच्या कपाटात कपड्यांपेक्षा कॅसेटी जास्त होत्या. तरुणपणी ट्रेनिंगच्या दिवसांत त्याने पुण्यात एका थिएटरात एक पिक्चर पाहिला होता, आणि त्याचा शेवट पुन्हा पाहायला मिळावा म्हणून तो वर्षानुवर्षे धूळ उपसत होता. मला घरी नेऊन त्याने व्हीसीआरमध्ये घातले. पडद्यावर तांबडा घोडा आला मात्र, भानुदास ताडकन उभा राहिला.

"ह्योच! आये, ह्योच त्यो पिक्चर!"

त्याची आई अक्काबाई शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "मग बस की खाली. आमाला दिसू दे."

घरात नवी कॅसेट आली की भानुदास आधी तिचा दात पाडायचा. आमच्या पाठीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक इवलासा तुकडा असतो, त्याला तो दात म्हणायचा. तो मोडला की आमच्यावर दुसरे काहीच रेकॉर्ड होत नाही. माझाही दात त्याने पाडला आणि माझ्यासाठी एक खोके करून त्यावर पेनाने घोडा काढला. घोडा गाढवासारखा दिसत होता, पण मला फार आवडला.

मित्रांनो, त्या घरातले रविवार मी कधी विसरणार नाही. दुपारची जेवणे झाली की शेजारपाजारचे लोक सतरंजीवर दाटीवाटीने बसत. इंग्रजी कुणालाच येत नव्हते, भानुदासलाही नाही. पण पडद्यावरचा प्रत्येक माणूस त्याच्या तोंडून आमच्या भागातली अस्सल इंदापुरी बोली बोलायचा.

"त्यो म्हणतोय, मुकाट्यानं पाटाचं पाणी सोड, न्हाय तर गाठ माझ्याशी हाय!"

त्याची मुलगी दिशा तेव्हा बारामतीला कॉलेजात जायची. ती हसून म्हणे, "बाबा, तो फक्त कॉफी मागतोय."

"आधी पाणी सुटू दे, मग कॉफी," भानुदास म्हणायचा, आणि सगळी सतरंजी त्याच्याच बाजूने असायची.

अक्काबाईचे मात्र एक होते. शेवटी टोपीवाला निरोप घ्यायला लागला की ती कासावीस व्हायची. "गाव वाचिवलं ह्यानं, आन कुणी चहाचं बी इचारंना! जेवल्याबिगर चाललं की लेकरू. भानुदासा, थांबव तितंच." भानुदास बटण दाबायचा. दारात आलेल्याला उपाशी पाठवणे तिने जन्मात केले नव्हते, ते पडद्यावर तरी कसे बघणार? ती उठून गेली की भानुदास एकटाच उरलेला शेवट लावायचा. टोपीवाला मागे वळला की हाही हळूच हात वर करायचा. रोज गावोगाव माणसे उतरवून पुढे जाणारा ड्रायव्हर तो. ते वळून पाहणे त्याला आतून कळत होते.

एकदा मी खोक्याबाहेर पडलेली असताना अक्काबाईने मला हातात घेतले. माझ्या कोपऱ्यातले भोक तिला दिसले. "अगं बाई, फुटली की गं तू," असे म्हणून तिने औषधाच्या डब्यातली जखमेची चिकटपट्टी काढली आणि भोकावर नीट दाबून बसवली. वर फुंकरही घातली. तिच्या स्वतःच्या तोंडात दात नव्हते, म्हणून तिला माझा कळवळा आला असेल. इतक्या मायेने मला आजवर कुणी हाताळले नव्हते. पण भोक झाकले की यंत्राला दात शाबूतच वाटतो; त्या मायेने माझा दात परत आला, हे तिला ठाऊक नव्हते आणि भानुदासला तर पत्ताच नव्हता.

पुढे दिशाचे लग्न ठरले. मुलगा सोमेश्वरनगरचा, बुद्धघोष नावाचा, शाळेत शिक्षक. लग्नाच्या आदल्या दुपारी पाहुण्यांनी हट्ट धरला आणि माझा पिक्चर लागला. निरोपाची वेळ आली, अक्काबाई म्हणाली "थांबव," आणि तेवढ्यात बाहेर मंडपवाले आले. भानुदासने घाईघाईने मला काढून टीव्हीवर ठेवले. उरलेला शेवट बघायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी मंडपात बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि पंगती बसायच्या वेळेला शूटिंगवाल्या सोमनाथची कॅसेट संपली. तो भानुदासकडे धावत आला.

"तात्या, कोरी कॅसेट हाय का एखादी?"

भानुदासच्या हातात पाहुण्यांचे हात होते. "घरात हाय बघ. कॅमेऱ्यात घालून बघत जा. माझ्या समद्या कॅसेटींचे दात पाडल्यात. जी रेकॉर्डिंगला घेईल तीच कोरी समज!"

हिशेब अगदी चोख होता. सोमनाथ घरात आला, त्याला पहिली मीच दिसले आणि त्याने मलाच कॅमेऱ्यात घातले. आदल्या दुपारी जिथे थांबले होते तिथूनच मी लगेच फिरायला लागले. मला कोण विचारतो, बाई तू कोरी आहेस का म्हणून?

पाचव्या दिवशी दिशा आणि बुद्धघोष माहेरपणाला आले. सोमनाथ कॅसेटी घेऊन आला, शेजारीपाजारी जमले. सोमनाथने पंगतीची कॅसेट म्हणून मला पुढे केले. भानुदासने मला उलटसुलट करून पाहिले. बोट चिकटपट्टीवर थांबले.

"ही पट्टी कुणी लावली?"

"म्या लावली," अक्काबाई म्हणाली. "फुटली व्हती बिचारी."

 काय झाले ते भानुदासला त्या क्षणी कळले. इतकी वर्षे हुडकलेला शेवट, ते मागे वळणे, ती टोपी, सगळे पुसले गेले होते. आईवर ओरडावे तर ती घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. दिशाच्या डोळ्यांत पाणी आले. बापाला जीव की प्राण असलेला शेवट आपल्या लग्नाने खाल्ला, असे तिला वाटले. मलाही फार वाईट वाटले, मित्रांनो. 

शेवटी बुद्धघोषच म्हणाला, "मामा, लावा तर खरं. किती उरलाय तेवढा बघू. मी तर अजून पाहिलाच नाही."

जावयाला नाही कसे म्हणणार? भानुदासने मला लावले. पहिल्यांदा त्याचा आवाज बसका होता, पण पाटाचे पाणी सुटेपर्यंत तो पुन्हा रंगात आला. मग निरोप आला. टोपीवाल्याने रिकिबीत पाय घातला, घोडा माळाकडे वळवला. नेहमीच्या सवयीने अक्काबाई म्हणाली, "थांबव." आज भानुदासने बटण दाबले नाही.

पडद्यावर थोडे पांढरे किडे वळवळले. आणि एकदम भिगवणचा मंडप आला! समोर अक्काबाई, हातात वाढायचा डाव, नजर थेट कॅमेऱ्यात. शूटिंग करून दमलेल्या सोमनाथला ती हाक मारत होती:

"कुठं चाललास रं लेकरा? आदी बस पंगतीला. जेवल्याबिगर जायाचं न्हाय!"

 मग जे हसू फुटले, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेले असेल. दिशा डोळे पुसता पुसता हसत होती, सोमनाथने कपाळाला हात लावला होता. भानुदास तर पोट धरून लोळत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होते. अक्काबाईने पडद्याकडे निरखून बघितले आणि समाधानाने मान हलवली.

"थांबला म्हणायचा एकदाचा. आता वाढा त्येला बुंदी."

त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझा पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. सगळे उठल्यावर भानुदासने माझी चिकटपट्टी सावकाश सोलून काढली.

"आरं, जखम उघडी करतूस व्हय?" अक्काबाई म्हणाली.

"आये, आता ह्यो शेवट कुणी पुसायचा न्हाय."

त्यानंतर भानुदासने जुना शेवट हुडकला नाही. पंगतीच्या शेवटी एका कोपऱ्यात तो स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून हात हलवताना दिसतो, ते त्याला पुरले असावे. आता बुद्धघोषने सीडीचा प्लेअर आणला आहे. माझ्या बहिणी पत्र्याच्या पेटीत गेल्या आहेत, मी मात्र अजून टीव्हीवर असते. घरात नवा पाहुणा आला की हमखास मला लावतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट पडली असेल. तिला ओलीत ठेवू नका, आमच्या इथे उजनी धरणाच्या पाण्याकाठी तर बुरशी लवकर धरते. अधूनमधून तिला फिरवा, तिच्या पोटात कुणाची हाक राहिली आहे ते ऐका. आणि दात पडला म्हणून तिला मोडकी म्हणू नका. अक्काबाईच्या तोंडात एकही दात नाही. ती भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि दारात आलेल्याला अजूनही जेवल्याशिवाय सोडत नाही.