पुढचं उचलतं, मागचं नाही

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. तो घेतला तेव्हा अशा ट्रॅक्टरला मागची लिफ्ट तेवढी असायची, नांगर उचलायला आणि टेकवायला. पुढे माती-खत उचलायला लोडर लावायचा तर त्या एकाच पंपाचं ऑईल दोघांत वाटून द्यावं लागतं. बाबांनी शेवटच्या दोन महिन्यांत ते काम अंगावर घेतलं, एकट्याने. लोडर उचलायला लागला, आणि त्याच दिवशी मागची लिफ्ट बंद पडली. ती का बंद पडली हे शोधता शोधता बाबा गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका तेच सांगत. "काय करायचं, शेवटी शेवटी दादाने चांगला ट्रॅक्टर बिघडवून ठेवला." त्यात राग नव्हता. थोरल्या भावाची तक्रार करायची पन्नास वर्षांची सवय होती, ती एकदम कशी सुटणार? पण लोक मान हलवत, "वय झालं होतं," म्हणत, आणि बाबांबद्दलचं शेवटचं बोलणं म्हणून ते वाक्य आमच्या घरातून बाहेर पडे. मला ते थांबवायचं होतं. कसं, ते मला माहीत नव्हतं.

महिन्याभराने काकांनी मिस्त्रींना बोलावलं.

"सगळं काढून टाका," ते म्हणाले. "होता तसा करून द्या. मला नांगर उचलायला हवा."

"आधी काय बिघडलंय ते बघू या ना," मी म्हणाले.

"तू काय बघणार? तू पुस्तकं बघ."

"बघतील मिस्त्री. मी पाने-पक्कड हातात देईन."

"दुपारपर्यंत," काका म्हणाले. "नाही झालं तर सगळे पाइप भंगारात." आणि ते बांधाकडे निघून गेले.

मिस्त्री पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. ते आधी ट्रॅक्टरभोवती नुसते फिरले. मग वाकून पायफळीखाली गेलेले पाइप पाहिले. बाबांनी कुठेही तीव्र वळण दिलं नव्हतं. पाइप लोखंडाला घासेल तिथे सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली होती, आणि ती बांधलेल्या तारेची टोकं आत वळवली होती, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून.

"हात कुणाचा?"

"बाबांचा."

"शिकलेला नाही," ते म्हणाले. "पण घाई नाही कुठे. आमच्या धंद्यात उलटं असतं. ताई, चढा वर. बघायच्या जागा तीन आहेत आणि हात मला दोनच दिलेत."

सीट बाबांच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. क्लच दाबायला मला अगदी कडेला यावं लागलं. इंजिन सुरू झालं तसे माझे दातसुद्धा थरथरले. मी लोडरचा दांडा ओढला आणि बकेट उचलली गेली, सावकाश, पाहुण्यांसाठी उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी. मग मी मागच्या लिफ्टचा दांडा ओढला. काही नाही.

"पुन्हा," खालून आवाज आला. "सोडा. पुन्हा. सोडा."

मिस्त्री एकेका पाइपवर तळहात ठेवून बसले होते, नाडी बघावी तसे.

"ऑईल टाकीत पळतंय," ते म्हणाले. "लिफ्टकडे जायला रस्ता आहे, पण तिकडे वजन उचलावं लागतं. टाकीकडे नुसतं पडून राहायचं. माझ्या जावयाचंही असंच आहे."

"म्हणजे पाइप चुकीचे जोडलेत?"

"तिन्ही बरोबर आहेत. गडबड आहे ती ऑईल वाटणाऱ्या या व्हॉल्व्हच्या पोटात. या बनावटीचा मी अजून बसवलेला नाही. सोबत कागद आला असेल ना?"

आई चहा घेऊन आली होती. "खोका रद्दीत गेला," ती म्हणाली. "कागद असला तर त्यातच."

कागद माझ्याकडे होता.

बाबा गेल्या वर्षीच फोनवरून फोटो पाठवायला शिकले होते. बहुतेक फोटोंत अर्धा त्यांचा अंगठा असायचा. पण हा त्यांनी नीट काढला होता: टेबलावर पसरलेला कागद, चारही कोपऱ्यांवर चार नट. खाली लिहिलं होतं, "चष्म्यानेही दिसत नाही. काय म्हटलंय ते वाचून सांग." मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी, "वाचलंस का?" त्यावर माझं, "संध्याकाळी फोन करते." फोन मी केला होता. आईच्या गुडघ्याबद्दल बोललो, माझ्या घरातल्या गळक्या नळाबद्दल बोललो. नळाचा वायसर कसा बदलायचा ते त्यांनी मला दहा मिनिटं समजावलं. कागदाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. तिसऱ्यांदा विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

मी खाली उतरले, फोटो बोटांनी मोठा केला आणि मिस्त्रींना वाचून दाखवला. सहावा मुद्दा. या व्हॉल्व्हमधून ऑईल पुढे दुसऱ्या यंत्राला द्यायचं असल्यास सोबत दिलेलं बुश तिसऱ्या तोंडात बसवावं, अन्यथा ऑईल टाकीत परत जाईल.

"घ्या," मिस्त्री म्हणाले. "कुंडलीच निघाली. पण सोबत दिलेलं ते कुठाय?"

"ती बारकी पिशवी का?" आई म्हणाली. "खिळ्याला आहे बघ, पान्यांच्या वर. रोज हातात घेऊन बघायचे. म्हणायचे, ही कशाची आहे ते लेकीला विचारायचंय."

ती सहज बोलली. मी पिशवी आणायला गेले. खिळा बाबांच्या उंचीचा होता. मला टाचा उचलाव्या लागल्या. पिन मारलेली पिशवी न फाडता, पिन सरळ करून त्यांनी उघडली होती आणि परत मिटली होती. आत अंगठ्याएवढं, आटे पाडलेलं बुश.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून बकेट जमिनीला टेकवली, दांडे चार वेळा मागेपुढे करून पाइपातला जोर घालवला, खाली परात सरकवली. पंधरा मिनिटांचं काम. मी पुन्हा चढले तेव्हा काका बांधावरून आले होते. मी इंजिन सुरू करून दांडा ओढला. मागे काहीतरी कण्हलं आणि लिफ्टचे दोन्ही हात वर आले.

"अरे!" काका ओरडले. त्यांचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. मग त्यांनी पिशवी पाहिली, मिस्त्रींकडून सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "म्हणजे एवढंसं बुश? बघा, शेवटी दादाच चुकला."

मी इंजिन बंद केलं.

"बाबा चुकले नाहीत, काका. त्यांना कळत नव्हतं तिथे ते थांबले आणि त्यांनी मला विचारलं. कागद पाठवला होता. मी वाचला नाही."

काकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, अजून लांब धरला. कागद त्यांनाही दिसला नसणार. पण खालच्या ओळी मोठ्या होत्या. त्यांनी त्या वाचल्या, मग माझा अंगठा पाहिला.

"कामात असशील गं," आई म्हणाली.

तिने मला सुटायला दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"नव्हते," मी म्हणाले. "सुट्टी होती त्या दिवशी."

मिस्त्री परातीतलं ऑईल डब्यात ओतत होते. ते संपेपर्यंत आम्ही तिघं त्या धारेकडे बघत राहिलो. मग आईने कप गोळा केले. काकांनी फोन सदऱ्याला पुसून परत दिला.

"मिस्त्री, पाइप राहू देत," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगेन, दादाने बसवलेत." मग माझ्याकडे न बघता, "नांगर जोडू या. तू वरच बैस. मी हात दाखवतो तशी मागे घे."

मी ट्रॅक्टर मागे घेऊ लागले. काका नांगराजवळ उभे राहून हाताने बोलवत होते. त्यांचा तो मनगटातून वळणारा हात, आणि इंजिनच्या आवाजातून येणारा त्यांचा आवाज, हुबेहूब बाबांचा होता. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"ये. ये. अजून ये."

नांगर आता हाताभरावर होता. मी मुद्दाम वीतभर अलीकडेच ब्रेक दाबला.

"अगं, ये की," काका म्हणाले. "ये."