खिशातलं झाकण

जेवणाआधी हात धुऊन वायरमनने रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला कॉम्प्रेसरच्या प्रेशर स्विचचं झाकण लागलं. चाचणीसाठी स्विच डावलून जोडलेली वायर काढेपर्यंत झाकण खिशात ठेवायची त्याची सवय होती. म्हणजे वायर तशीच होती, हवेची टाकी भरली तरी कॉम्प्रेसर थांबणार नव्हता. जादा हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून बसलेला, आणि टाकीशेजारी त्याचा मेहुणा काम करत होता.

डबा टाकून तो धावला. दाबाचा काटा लाल पट्ट्याच्या पार गेला होता. त्याने मेन स्विच पाडला.

मेहुणा हसला. “काय दाजी, ताई आजही मीठ विसरली का?”

“ती नाही, मी विसरलो. आधी टाकीपासून लांब हो.”