पट्टीखालची बाजू

मी रेकॉर्ड बोलतेय. काळी, गोल आणि माणसांना पुरती ओळखून असलेली.

टेनेसीतल्या एका नामांकित गायकानं माझ्या दोन्ही बाजू एकाच दुपारी गायल्या. पहिलीवर दारू, परक्या बायका आणि चुकलेली आगगाडी, दुसरीवर येशू. गळा तोच, गिटार तीच. मधे एक सिगारेट ओढली, एवढंच. माणसांना मात्र त्यात केवढं सोवळंओवळं!

डोंगरातल्या ओव्हेला हॅचरनं मला घरी आणलं आणि पहिल्या बाजूवरच्या गाण्यांच्या नावांवर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवली. रविवारी ती दुसरी बाजू लावून डोळे पुसायची आणि गाणं संपायच्या आत शेजारणीच्या चहाड्या सुरू करायची. कीव यायची मला.

तिचा नवरा ड्यूई कोळशाच्या खाणीत राबलेला. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं त्याचं लाडकं. लग्नाआधी दोघं त्यावर नाचले होते.

"ओव्हेला, एकदा लाव ना गं ते."

"लोक काय म्हणतील? आपण चर्चची माणसं!"

चाळीस वर्षं हेच.

पुढे फुप्फुसांनी त्याला अंथरुणाला खिळवलं. आपल्या मयताला मीच वाजणार, हे तो जाणून होता. एका सकाळी ओव्हेला कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, तेव्हा त्यानं कसंबसं उठून पट्टी सोलली. तिच्याबरोबर गाण्यांची नावंही निघून आली. मग दुसऱ्या बाजूवर त्यानं नवी पट्टी चिकटवली आणि मला डोळा मारला. अख्ख्या मनुष्यजातीत मला तेवढा एकच आवडला.

मयताच्या दिवशी चर्चमध्ये पाद्री टॉलिव्हरनं विचारलं, "सिस्टर, कुठली बाजू लावू?"

"पट्टी नसलेली."

सुई टेकली आणि शवपेटीशेजारी ड्यूईच्या लाडक्या गाण्यातला दारुडा आणखी एक पेला मागू लागला. पुढच्या बाकांवरच्या मोठ्या मंडळींनी माना खाली घातल्या. पावलं मात्र ताल धरत होती. ढोंगी मेले! पाद्री सुई उचलायला धावला.

ओव्हेलानं त्याचा हात धरला. "राहू द्या, ब्रदर. हा त्याचाच उद्योग. मेला, मेल्यावरही ऐकेना!" आणि ती रडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला तिचं रडणं खरं वाटलं.

आता ती तीच बाजू रोज लावते. पण आधी सगळ्या खिडक्या बंद करून घेते.

ओव्हेलाबाई, एक तरी उघड. तो समोरच्या टेकडीवरच पुरलाय. त्याला ऐकू जाऊ दे.