सात वर्षं उलटी पडलेली नाव

श्पिरोच्या वडिलांची नाव अंजिराच्या झाडाखाली सात वर्षं उलटी पडली होती. तळाच्या दोन फळ्या बदलायच्या, सांधे बुजवायचे, रंग द्यायचा, एवढंच काम. श्पिरो आळशी नव्हता. बेटावर कुणाचंही दार अडकलं की रंधा घेऊन तोच धावायचा. फक्त स्वतःच्या नावेकडे वळायची वेळ आली, की त्याला कॉफीची तल्लफ यायची.

मे महिन्यात झाग्रेबहून त्याच्या लेकीचा, माराचा, फोन आला. "बाबा, सात सप्टेंबरला लग्न. चर्चला मी आजोबांच्या नावेतूनच जाणार. झाली ना दुरुस्त?"

"झाल्यातच जमा आहे," श्पिरो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला लगेच कॉफीची तल्लफ आली.

कुंपणापलीकडे येरका शेंगा सोलत होती. दोघं लहानपणी एकाच वर्गात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"लेकीशी खोटं बोलताना लाज नाही वाटत?"

"तू तर बोलूच नकोस. तुझा नवरा गेल्यापासून त्याची गाडी अंगणात उभी आहे. मागच्या सीटवर मांजर व्यायली, पण तुझी लायसन्सची परीक्षा काही झाली नाही."

येरका शेंगांची पाटी बाजूला सारून म्हणाली, "असं करू. रोज पाच वाजता उद्याचं काम एकमेकांना सांगायचं. झालं नाही, तर बंदरावर म्हातारे गोळे फेकायचा खेळ खेळतात ना, तिथे जाऊन सगळ्यांसमोर कबूल करायचं."

"ठरलं. उद्या मी सगळा तळ दुरुस्त करतो."

"तळ राहू दे. एक कुजकी फळी काढ, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा दमट वारा सुटला. अशा वाऱ्यात लाकडाला हात लावू नये, असं श्पिरोने ठरवून टाकलं.

"वारा लाकडाला बाधतो की तुला?" असं म्हणत येरकाने त्याला बंदरावर नेलं.

टोपी हातात घेऊन तो पुटपुटला, "मी आज फळी काढणार होतो. काढली नाही."

त्याला वाटलं, सगळे हसतील. कुणी हसलं नाही. म्हातारा लुक्शा गोळा पुसत म्हणाला, "असू दे रे पोरा. तुझ्या हातून ती निघेल, असं आम्ही कुणी धरूनच चाललो नव्हतो."

हे सांत्वन श्पिरोला फार झोंबलं. दुसऱ्या सकाळी कॉफीआधीच त्याने फळी काढली.

मग रोज थोडं थोडं काम होत गेलं. तो सांध्यांत ताग ठासायचा, येरका कुंपणावर पुस्तक ठेवून रस्त्याचे नियम घोकायची, आणि तो मधूनच तिला प्रश्न विचारायचा.

ऑगस्टच्या मध्यावर ती पाचला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. श्पिरो तिच्या घरी गेला. स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून ती आत बसली होती.

"चढावर गाडी तीनदा बंद पडली. नापास केलं मला. आता पुरे झालं."

"पुन्हा अर्ज भरायचा, हे काल तुझं काम असायला हवं होतं. भरलास?"

"नाही."

"मग चल बंदरावर."

"तू माझा मित्र आहेस की वैरी?"

"ते वाटेत ठरव."

येरकाने सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकताच म्हाताऱ्यांचा खेळ थांबला. चढावर क्लच कसा सोडायचा, हे चौघं एकदमच समजावू लागले, आणि चौघांचं चार तऱ्हांचं. दोन दिवसांत पहिल्यांदाच येरकाला हसू आलं. अर्ज तिने त्याच संध्याकाळी भरला.

लग्नाच्या सकाळी नाव पाण्यावर तरंगत होती. डावी बाजू निळीशार, उजव्या बाजूला नुसताच रंगाआधीच्या अस्तराचा हात. मारा नावेत पाऊल टाकणार, तोच श्पिरो म्हणाला, "बाळा, मे महिन्यात मी तुला खोटं सांगितलं. तेव्हा एक खिळासुद्धा हलला नव्हता. आणि बघ, आजही एक बाजू राहिलीच."

"माहीत होतं, बाबा. म्हणून तर नावेतून जाईन म्हटलं," मारा म्हणाली. "चला, निळी बाजू लोकांकडे ठेवा."

चार दिवसांपूर्वी पास झालेली येरका केक घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली होती. नाव पोचून अर्धा तास झाला, तेव्हा तिची गाडी बैलगाडीच्या चालीने चर्चपाशी आली. मागे अकरा गाड्यांची रांग लागली होती. केकवरचं एक फूलही हललं नव्हतं. तिचे हात मात्र अजून स्टिअरिंग धरल्यासारखेच वळलेले होते. श्पिरोने हसत हसत त्यांत वाइनचा पेला ठेवला.