दुसरा रस्ता

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही इंटरनेट विकायचं म्हणजे सोमेश्वरच्या पोटावर पाय, असं त्याचं म्हणणं. त्याचाही तोच धंदा. वर्षात तीनदा त्यानं आमची केबल तोडली. चौथ्यांदा तोडू दे, गावाचं नेट बंद पडणार नाही, अशी मी जिद्दच धरली. धारूरच्या डोंगरावरून वायरलेसची दुसरी लाइन घेतली. राउटिंगचं सॉफ्टवेअर बसवलं, पण एक रस्ता तुटला की दुसऱ्यानं जायचं, हे आमच्या लिनक्सच्या कर्नललाच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या गाभ्यालाच, ठाऊक नव्हतं. कर्नल बांधताना तो पर्याय कुण्या शहाण्यानं बंद ठेवला होता. तो शहाणा म्हणजे मीच.

त्या सकाळी पर्याय चालू करून कर्नल नव्यानं बांधला आणि मशीन त्यावर सुरू केलं. आता केबल उपसून बघायची तेवढी राहिली होती. धाकटा भाऊ बजरंग म्हणाला, "उपसू का, ताई?" गिऱ्हाइकं बोंबलतील म्हणून मी त्याला दुपारपर्यंत थांबवलं. ऑफिसात वर कॅमेरा होता. तेलगावात आमची आई, साखराबाई, मोबाइलवर त्याचं चित्र बघत बसायची. लेकरं जेवली का, एवढंच तिला हवं असायचं.

अकराला सोमेश्वर आला, दोन माणसं, गज आणि कुऱ्हाड घेऊन. कॅमेरा बघून तो हसला. बाहेर खांबाजवळ कुऱ्हाड बसली, केबल तुटली. मग त्यानं माझ्या पडद्यावर गज घातला. "आता कोन बघतंय बे?" टेबलाखालचा डबा चालूच होता. ते येडं पडद्यालाच कॉम्प्युटर समजत होतं.

एकानं मला केसांना धरून भिंतीला दाबलं. बजरंग धावला. पहिला गज मनगटावर बसला, हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुसरा गुडघ्यावर. तो पडल्यावर डोक्यात किती घातले, मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते. रक्त माझ्या चपलेखाली आलं तेव्हा उघडले.

बीडला पोचायच्या आत बजरंग गेला. सोमेश्वरला संध्याकाळी पोलिसांनी उचललं. सगळी मारहाण डोंगरावरच्या लाइननं आईच्या मोबाइलवर पोचली होती, साठवलीही गेली होती. पुरावा चोख आहे, असं साहेब म्हणाले. माझा कर्नल चालला होता. मला स्वतःची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली.

"मधी थांबलं हुतं गं चित्र," ती म्हणाली. "बजरंग उभाच हुता तवा. मला वाटलं, नेट गेलं."

तिनं माझ्याकडं मान वळवली.

"मग पुन्हा कावून सुरू केलंस, रोहिणे?"