दोन लोखंडी खाटांच्या मधली बाज

मी बाज बोलतेय. पलंग नव्हे, कॉट तर मुळीच नव्हे. चार पाय, चार दांडे आणि मधे सुतळीची वीण, एवढाच माझा संसार. आमच्या नागपूरकडे माझ्या बहिणी घरोघरच्या अंगणात पडलेल्या दिसतील. पण मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेजच्या गप्पा ऐकायचं भाग्य माझ्याच वाट्याला आलं. तेव्हा बोलण्यात थोडा तोरा दिसला, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म उमरेडचा. तिथल्या जागेश्वर विणकरांचा जुना हातमाग मोडला, तेव्हा सुतारानं त्यातली धड लाकडं वेगळी काढली आणि मला उभं केलं. विणलं मात्र जागेश्वरांनी स्वतः. उभा जन्म लुगड्यांना काठ काढणारा माणूस तो, साधं विणणं त्याच्या हाताला पटणार कसं? माझ्याही दोन्ही कडांना त्यांनी सुतळीचा काठ काढला. दिवसभराचं काम आटोपलं की माझ्यावर पाठ टेकायची, असा त्यांचा बेत होता. तो लवकरच बारगळला. त्याच वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, त्यांच्या लेकीला, पुष्पलताला, नागपूरच्या कॉलेजात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला, पण वसतिगृह गच्च भरलेलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "जागा रिकामी होईपर्यंत दोघींच्या खोलीत तात्पुरती सोय करते. खाट मात्र तुमची आणा."

इकडे पुष्पलताच्या आईनं मौद्याचं एक स्थळ हेरून ठेवलेलं. पोरगी नागपूरला जाणार म्हटल्यावर तिचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी नवराबायकोत तोडगा निघाला. "दिवाळीपर्यंत पक्की जागा भेटली तर शिकत राह्यजो," जागेश्वर लेकीला म्हणाले. "नाही भेटली, तर मी घ्यायले येतो. मंग आई म्हणन तसं." आणि त्यांनी मला एस.टी.च्या टपावर चढवलं. आयुष्यातला माझा पहिला प्रवास, तोही असा उताणा.

सक्करदऱ्याच्या तलावाकडे तोंड केलेली ती खोली दोघींपुरती होती. दोन भिंतींना दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, आणि मधे जेमतेम चालायला वाट. त्या वाटेत मी जाऊन पडले. आता दार अर्धंच उघडायचं आणि खिडकीपाशी जायचं तर मला ओलांडून जावं लागायचं. लोखंडी खाटा माझ्याकडे अशा बघायच्या, जणू लग्नाच्या पंगतीत मी बिनबोलावता येऊन बसले होते.

खिडकीजवळची खाट चंद्रकलाची. ती पवनीची. तिचे वडील छप्पन साली दीक्षा घ्यायला पायी नागपूरला आले होते, त्यामुळे या शहरावर आपला थोडा जास्तच हक्क आहे असं ती समजे. दुसरी अरुंधती, वर्ध्याची. तिची चादर सुरकुतली तरी तिला चैन पडत नसे.

"हे तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत वं?" पहिल्याच दिवशी माझ्या पायाला अंगठा ठेचकाळून चंद्रकलानं विचारलं.

"पक्की जागा भेटतपर्यंत," पुष्पलता म्हणाली आणि गुपचूप मला आणखी चार बोटं सरकवलं.

हे सरकवणं पुढं महिनाभर चाललं. आणि मग काय झालं कोण जाणे, तिघींचं बसणं माझ्यावरच सुरू झालं. आपापल्या खाटा सोडून दोघीही संध्याकाळी माझ्यावर यायच्या. पवनीहून आलेले लाडू माझ्यावर फुटायचे, अरुंधतीचा चिवडा माझ्या विणीतून खाली सांडायचा. शेजारच्या खोल्यांतल्या मुलीही यायच्या. मी कुरकुरायचे, पण ती कुरकुर वरवरची. लोखंडी खाटांवर मात्र कोणी फिरकत नसे. मला वाईट वाटत होतं असं म्हणवत नाही.

पण दिवाळी जवळ येत होती. पुष्पलता प्रॅक्टिकलहून आली की आधी ऑफिसात डोकावायची, आणि "अजून नाही" ऐकून यायची. तिला शिकायचं होतं. मला तर तिच्या कूस बदलण्यावरूनही ते कळायचं.

त्यातच वसतिगृहात ढेकूण झाले. कोणीतरी म्हणालं, हे बाहेरच्या लाकडी बाजांमुळे. ढेकूण माझ्यात नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पण गरिबाच्या अंगावर असला आळ लगेच चिकटतो. बाहेरच्या बाजा काढून टाकणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि एका सकाळी वॉर्डनबाई खोल्या बघत येत असल्याची बातमी आली.

पुष्पलता कॉलेजात होती. चंद्रकलानं क्षणभरही विचार केला नाही. "धर गं अरुंधती, इले गच्चीवर टाकू." दोघींनी मला जिन्यातून वर नेलं आणि अंगभर ओल्या चादरी पसरल्या. बाई खोलीत आल्या, त्यांनी दोन खाटा पाहिल्या, मान डोलावली आणि पुढं गेल्या. दोघी जिंकल्याच्या आनंदात वर येऊन माझ्यावर बसल्या.

दुपारी कामवाल्या भीमाबाई कपडे वाळत घालायला आल्या. "काहून वं, तुमची बाज इथं काहून? बाई तर खाटा मोजून राहिल्या होत्या. एका पोरीचं लग्न ठरलं, तिची जागा खाली झाली. ज्या खोलीत तिसरी खाट, तिथल्या पोरीचं नाव धरत होत्या. तुमच्या इथं दोनच दिसल्या, मंग देऊन टाकली वं जागा दुसरीले."

चंद्रकलाचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी पुष्पलताला हे सांगताना ती ढसाढसा रडली. पुष्पलता मात्र रडली नाही. तिनं मला खाली आणलं, चादर घातली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मला वाटलं, त्यापेक्षा रडली असती तर बरं.

सुटी लागायच्या दिवशी जागेश्वर येणार होते. त्याच सकाळी चंद्रकला आणि अरुंधती वॉर्डनबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"आमची खोली कायमची तिघींची करा," अरुंधती म्हणाली. "एक टेबल आम्ही काढून टाकतो."

"आणि ती बाहेरची बाज? ढेकणांसकट?"

"मॅडम, पाच मिनिटं अंगणात या," चंद्रकला म्हणाली.

अंगणात माझ्यावर उकळत्या पाण्याची अख्खी बादली ओतली गेली. माझी काय अवस्था झाली ती मलाच ठाऊक. पण एकसुद्धा ढेकूण बाहेर पडला नाही. मग चंद्रकलानं आपली लोखंडी खाट ओढत आणली आणि तिच्या पोकळ पायात पाणी ओतलं. काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या वरातीसारखे बाहेर पडले. मुली किंचाळत पळाल्या. वॉर्डनबाई पदर सावरत मागं सरकल्या, त्या थेट माझ्यावर येऊन बसल्या. ओल्या बाजेवर बसून त्यांनाच हसू फुटलं.

"करा तिघींची," त्या म्हणाल्या. "आणि आधी त्या सगळ्या लोखंडी खाटा उन्हात काढा."

दुपारी जागेश्वर आले. हातात दोरीचं वेटोळं होतं, मला टपावर बांधायला आणलेलं. पुष्पलता धावतच त्यांच्याकडे गेली. "बाबा, भेटली जागा. पक्की." एवढंच बोलली आणि आता मात्र रडायला लागली.

जागेश्वर माझ्यापाशी आले आणि त्यांनी विणीवर हात दाबला. गरम पाण्यानं मी पार सैल पडले होते, पायथ्याची दोरी तर तुटायलाच आली होती. ते तिथंच मातीत बसले. जुनी दोरी सोडली, आणलेली नवी दोरी ओवली आणि पाय लावून ताणून ताणून मला घट्ट केलं.

"आता बाज नेऊ कशी?" उठताना ते म्हणाले. "बांधाले आणलेली दोरी तर इलेच लागली. तुह्या आईले सांगतो मी काय सांगायचं ते."

दिवाळीला पुष्पलता घरी गेली ती पाहुणी म्हणून, आणि सुटी संपताच परत आली.

पदवी घेऊन ती निघाली तेव्हा मला मागंच ठेवून गेली. "पुढच्या वर्षी जागा नसलेली कोणी तरी येईलच," असं तिनं भीमाबाईंना सांगितलं. आली. दरवर्षी येतेच. आता ऐंशी सालही मागं पडलं. दोनदा माझी वीण बदलली, एक पाय नवा लागला, तो काठ आता उरला नाही. पण दोन लोखंडी खाटांच्या मधे मी आहे तिथंच आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या दारात एखादी मुलगी ट्रंक घेऊन उभी राहिली, तर "जागा नाही" म्हणायच्या आधी आपलं टेबल किती सरकतं ते बघा. मी मधे येऊन पडते. पहिला महिना तुमचे अंगठे ठेचकाळतील, तेवढं सोसा.